अर्ध्या वितीची पृथ्वी

मास्तर,

तुमचा बांबू अजून तलावाच्या पाळीवर पळसाला टेकून उभा आहे. तुमची तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, काकूंनी तुमचा कोट आणि टोपी पेटीत घालून ठेवली, पण बांबू कुणी हलवला नाही. एरवी धड बांबू दिसला की आपल्याकडे तो कुणाच्या तरी मांडवाला लागतोच. याला मात्र गुराखीसुद्धा हात लावत नाहीत. ‘मास्तरचा आहे’ एवढं त्यांना पुरतं.

शाळेत तुमच्यासाठी सभा झाली. तुम्ही किती वर्षं नोकरी केलीत, किती मुलं मॅट्रिक केलीत, सगळं सांगून झालं. मला बोलायला सांगितलं तर मी उठलेच नाही. लोकांना वाटलं, बाईला रडू आवरत नाही. रडू तर येतच होतं, पण खरं कारण वेगळं होतं. मला सभेशी बोलायचं नव्हतं, तुमच्याशी भांडायचं होतं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. ते मिटवायच्या आत तुम्ही निघून गेलात, आणि तुमच्या मागे काकूंनी मला असं काही सांगितलं की भांडायला तोंडच उरलं नाही. त्या दिवसापासून मी थक्क होऊन बसले आहे, मास्तर. म्हणून आता हे तुम्हालाच सांगते.

तुमच्या वर्गात मी आले तेव्हा अख्ख्या वर्गात एकटी मुलगी होते. आपल्या इकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या गावाहून बाबांनी मला गोंदियाला मामाकडे ठेवलं होतं, तेही आईच्या हट्टापायी. माझा बाक भिंतीला लावून वेगळा ठेवलेला. पोरं मागे वळून बघायची आणि तुमचा खडू बरोबर त्यांच्या कानावर बसायचा. एक दिवस तुम्ही भूगोल घेत होता. पृथ्वीचा परीघ किती, असं विचारलंत आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, पंचवीस हजार मैल! मीही ओरडले. मग माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी उभी राहिले.

“मास्तर, मोजली कोणी? दोरी कुठून लावली?”

पोरं खो खो हसली. तुम्ही हसला नाहीत. टोपी काढलीत, डोकं खाजवलंत, पुन्हा टोपी घातलीत. “पुस्तकात नाई दिलं,” म्हणालात. “मी पण कधी इचारलं नाई कोणाले. सुमित्रा, तू रविवारी पाळीवर येजो.”

तुमच्या रविवारच्या वर्गाबद्दल तोवर मी फक्त ऐकलं होतं. शाळेच्या पुढचं, कॉलेजातलं गणित तुम्ही तिथे शिकवता, नागपूरहून जुनी पुस्तकं आणता, असं पोरं दबक्या आवाजात बोलायची. पहिल्या नंबराच्या पोराला तिथे जागा नव्हती आणि एकदा नापास झालेला एक पोरगा मात्र तिथे होता, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. तुमचा नियम मला त्या दिवशी कळला. ज्याच्या प्रश्नावर मास्तर अडले, त्याने रविवारी यायचं. मार्क कुणी बघत नव्हतं.

मामी म्हणाली, मुलीच्या जातीनं तलावावर जाऊन गणित करायचं? मामा म्हणाले, तलावावर धुणं धुवायला जाते तेव्हा मुलीची जात कुठं जाते? मग मी धुण्याची बादली घेऊनच यायला लागले. तुम्ही बादलीकडे बघितलंत आणि म्हणालात, आधी कपडे धून टाक, मन लागते मंग. किती दिवस माझी त्रिकोणमिती ओल्या लुगड्यांच्या वासात चालली होती! अजून कोष्टकं उघडली की मला साबणाचा वास येतो.

दोरीचा प्रश्न तुम्ही विसरला नव्हता. पावसाळा सरता सरता एका रविवारी तुम्ही दोन बांबू घेऊन आलात. एकमेकांना लावून, टोकं एकसारखी कापलेले, जुळ्या भावांसारखे. एक रोवलात आणि आम्हा चौघा-पाच जणांना त्याच्या सावलीपाशी बसवलंत. सूर्य वर चढत होता तशी सावली आखडत गेली, एका जागी थबकली, आणि पुन्हा हळूच लांबायला लागली. “थांबली तेव्हा आपल्या गोंदियाची खरी दुपार,” तुम्ही म्हणालात. तेवढ्यात एकाने सांगितलं की स्टेशनच्या घड्याळात तर बारा वाजून गेले होते. “ते घड्याळ साऱ्या देशाचं आहे. सावली आपली आहे.” मी त्या बांबूकडे बघतच राहिले. दर गावाला स्वतःची दुपार असते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही युक्ती सांगितलीत. म्हणजे सांगितली नाहीत, आमच्याकडून काढून घेतलीत. जमीन सपाट असती तर एका मापाच्या दोन बांबूंची सावली कुठेही सारखीच पडली असती. ती गोल आहे, म्हणून उत्तरेकडच्या बांबूची भरदुपारची सावली थोडी लांब पडणार. किती लांब, त्यावरून मधली जमीन किती वाकली ते कळेल. वाक कळला आणि दोन गावांमधलं अंतर कळलं, की अख्खा गोल केवढा तेही कळेल. फक्त एकाच दिवशी एक बांबू इथे आणि दुसरा सरळ उत्तरेला उभा करायला हवा.

“सरळ उत्तरेले जबलपूर,” तुम्ही म्हणालात. “आपली छोट्या लाईनची गाडी तिथंच जाते. जबलपूरले कोणाचं कोण आहे?”

कुणाचं कुणी नव्हतं. माझी आत्या होती.

त्याच दिवसांत घरी दुसरंच शिजत होतं, हे तुम्हाला मी सांगितलं होतं. बाबांनी ठरवलं होतं, दिवाळीनंतर गावची मंडई आली की तिरोड्याकडचे पाहुणे मला बघायला येतील. मंडईच्या जत्रेला गावोगावचे पाहुणे येतात, सोंगांची दंडार होते, आणि सोयरिकीही तिथेच जुळतात. “मंडई झाली का शाळा बंद,” बाबा म्हणाले होते. “अक्षरं आली, हिशेब आला. आनखी कायले?” मला मॅट्रिक व्हायचं होतं, नागपूरला जाऊन पुढचं शिकायचं होतं. बाबांपुढे हे बोलायची माझी छाती नव्हती. तुम्हीच गेलात आमच्या गावी. बाबांनी तुम्हाला पाटावर बसवलं, दूध दिलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, “मास्तर, म्हणजे माही पोट्टी जबलपूरले जाऊन एक काडी गाडंल, आन् परत येईल?”

“हव.”

“आन् त्यानं का होईल?”

“धरती केवढी आहे ते कळंल.”

बाबांनी दुधाचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, बहिणीकडे दसऱ्याला जायचंच आहे, तिला घेऊन जातो. शाळेचं मात्र मंडईनंतर काही बोलू नका. तुम्ही हो म्हणालात. मला इतका राग आला होता तुमचा! एवढ्या सहज हो कसं म्हणवलं तुम्हाला?

तो प्रवास मी विसरणार नाही. छोट्या लाईनच्या डब्यात बांबू बाकाखाली आडवा सरकवला, तर तो पार पलीकडच्या लोकांच्या पायांत. बालाघाटपर्यंत सगळ्यांनी शिव्या घातल्या. गार्ड आला आणि ओरडला, “ये क्या है?” बाबांना हिंदी यथातथाच. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “साब, ये इसकी शाळा है.” गार्ड माझ्याकडे बघून हसला आणि निघून गेला. पुढे सातपुड्याचे डोंगर लागले. ऊन कधी माझ्या मांडीवर यायचं, कधी समोरच्या बाईच्या, आणि ती बाई कंटाळून आपलं पोर घेऊन सारखी जागा बदलत होती. मी ते बघून हसत होते. हे ऊन पुढे माझ्या कामाला येणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत!

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी, तुमच्या-आमच्या ठरल्याप्रमाणे, आत्याच्या अंगणात बांबू उभा केला. ओळंबा बाबांनी धरला. आजूबाजूच्या बायका जमल्या. आत्या म्हणाली, “दादा, हे का करून राहिले गा?”

“पृथ्वी मोजून राहिलो,” बाबा म्हणाले.

त्यांनी ते थट्टेत म्हटलं होतं. पण सावली आखडत आखडत थबकली, मी तिच्या टोकाशी खूण केली आणि “झालं” म्हणाले, तेव्हा बाबांच्या तोंडावर थट्टा नव्हती. ते हातातला दोरा सोडायला विसरून गेले. मी दोनदा सांगितल्यावर त्यांनी तो खाली ठेवला.

परत आले तेव्हा मी जबलपूरची सावली दोरीवर मापून आणली होती, तुम्ही गोंदियाची. पाळीवर दोन्ही दोऱ्या तुम्ही शेजारी शेजारी अंथरल्यात. माझी दोरी लांब निघाली. किती? तुम्ही हात ठेवलात. अर्धी वीत.

“एवढीशीच?” मी म्हटलं. मला वाटलं होतं, दोन हात तरी निघेल.

तुम्ही मातीत बसलात, मास्तर. धोतर खराब होईल याची पर्वा न करता बसलात. “एवढीच,” म्हणालात. “इथून जबलपूरपावतो जमीन वाकली ते एवढी. या अर्ध्या वितीत सारी पृथ्वी आहे, बाई.” मला तुम्ही पहिल्यांदा बाई म्हणालात. तलावात बगळे उभे होते, पलीकडे धान पिवळं पडायला लागलं होतं, आणि मला पायाखालची जमीन खरोखरच गोल वाटायला लागली. खोटं नाही सांगत. मी दोन्ही हात टेकले होते.

पुढचा नियम तुमचा नेहमीचाच होता. उत्तर मास्तरांना दाखवायचं नाही. आपल्या गावच्या मंडईत, दंडारीच्या दोन सोंगांच्या मध्ये उभं राहून गावाला सांगायचं, गावाच्याच बोलीत. पुस्तकातला शब्द आला की खाली उतरायचं. ज्याला आजीला सांगता येत नाही त्याला ते आलंच नाही, असं तुम्ही म्हणायचा. आधीच्या वर्षी एका पोराने चंद्रग्रहण सांगता सांगता ‘प्रतल’ म्हटलं आणि तुम्ही त्याला खरोखरच उतरवलं होतं.

मी एकटीने गुणाकार केला. जबलपूरचं अंतर काय, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. स्टेशनात मैल लिहिलेले होते, लाईनच्या कडेला मैलाचे दगड होते. आम्ही गोंदियाची पोरं. आम्हाला शाळेच्या भिंतीवरच्या नकाशापेक्षा रेल्वेचे मैल खरे वाटायचे. उत्तर आलं तीस हजार. पुन्हा केलं, पुन्हा तीस हजार. पुस्तकात पंचवीस.  हळूच पंचवीस सांगून टाकावं, कोण विचारतंय, असंही मनात आलं. पण मी ती अर्धी वीत डोळ्यांनी बघितली होती, हाताने मापली होती. ती मला खोटी पाडवेना.

मंडईच्या दिवशी दुपारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. शेंगदाणेवाले, बांगड्यावाले, दंडारीचा डफ. तिरोड्याचे पाहुणे पुढच्या रांगेत, त्यांच्या शेजारी बाबा. राक्षसाचं सोंग आत गेलं आणि मी बांबू घेऊन बाहेर आले. सगळं सांगितलं. बांबूचं, सावलीचं, जबलपूरच्या अंगणाचं, अर्ध्या वितीचं. लोक कान देऊन ऐकत होते. आणि शेवटी मी म्हटलं, धरती तीस हजार मैल आहे.

पाहुण्यांतले एक जण मॅट्रिक झालेले. ते उठले. वाईट माणूस नव्हता, पण शिकलेला होता. “पोरी, पंचवीस हजार आहे. लहान पोट्टे पण सांगतील. पुस्तकात छापलं आहे.”

आधी पाहुणे हसले, मग मांडव हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं. ज्यांनी गाडीभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ओळंबा धरला, त्यांना मी मान खाली घालायला लावली. माझी शाळा तिथेच संपली होती. आणि तेवढ्यात तुम्ही दिसलात. मांडवाच्या कडेला, शेंगदाणेवाल्यापाशी उभे. अंगावर धूळ, हाताची घडी, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, म्हणजे यांना ठाऊक आहे! चूक कुठे आहे ते ठाऊक आहे आणि मी ती काढते की नाही ते बघत उभे आहेत. त्या क्षणी मला तुमचा इतका संताप आला की रडू पार आटून गेलं. माझ्या जन्माचा प्रश्न आहे आणि हा माणूस परीक्षा घेतो आहे! बरं, घ्या परीक्षा, असं म्हणून मी मनात मुळापासून सुरुवात केली. बांबू सारखे होते. सावल्या बरोबर होत्या. दिवस एक होता. मग उरलं काय? अंतर. जबलपूर. गाडी. आणि त्या बाईच्या मांडीवरचं ऊन माझ्या डोळ्यांसमोर आलं.

“छोट्या लाईननं कोण कोण गेलं आहे?” मी विचारलं. बरेच हात वर झाले. “सकाळी जबलपूरले जाताना ऊन कोणत्या खिडकीतून येते?”

कुणी म्हणालं इकडून, कुणी म्हणालं तिकडून. दोघांची तिथेच जुंपली. एक म्हातारी ओरडली, “दोनीकडून येते वो बाई, बसूच नाई देत!”

“मंग गाडी सरळ गेली का? सरळ उत्तरेले गेली असती तं ऊन एकाच बाजूनं असतं.” मी डफवाल्याची दोरी ओढून घेतली, फळीवर वेडीवाकडी टाकली, आणि मग तिची दोन टोकं धरून ताणली. “रेल्वेनं डोंगराले वळसे घातले, आन् मी ते सारे वळसे मोजले. म्हणून माही धरती फुगली. सावली बरोबर आहे. लाईन वाकडी आहे. सरळ अंतर धराल तं धरती लहान होईल, पुस्तकाजवळ जाईल.”

 मग ती म्हातारीच टाळ्या पिटायला लागली. तेच पाहुणे पुन्हा उठले आणि म्हणाले, “हे तं पुस्तकात नव्हतं.” बाबांनी मान वर केली होती.

संध्याकाळी सामान आवरताना बाबांनी बांबू स्वतः खांद्यावर घेतला. घराच्या दारापाशी थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “नागपूरले बांबू भेटते का? का इथूनच न्यायचा?”

मी तिथेच पायरीवर बसून रडले, मास्तर. तुम्ही तेव्हा कुठे होता? परतीच्या बैलबंडीत बसून निघूनही गेला होता. मला शाबासकी द्यायलासुद्धा थांबला नाहीत. पुढच्या रविवारी नकाशा आणलात, सरळ अंतर मोजायला लावलंत, आणि उत्तर पंचवीस हजाराच्या उंबऱ्याशी आलं तेव्हा फक्त म्हणालात, “आता वाकडी लाईन पण मोजून दाखव.” तिचे लहान लहान सरळ तुकडे कसे पाडायचे, आणखी लहान, आणखी लहान, ते तुम्ही शिकवत गेलात. नागपूरला प्राध्यापकांनी फळ्यावर तेच मोठ्या इंग्रजी नावाने लिहिलं तेव्हा सगळा वर्ग घाबरला. मी एकटी खिडकीबाहेर बघत बसले होते. मला बगळे आठवत होते.

पण माझा राग गेला नव्हता. दर सुटीत आले की मी विषय काढायची. तुम्हाला ठाऊक होतं ना? रेल्वेचे वळसे तुम्हाला आधीपासून ठाऊक होते ना? मग मला गावासमोर का उभं केलंत? मला सुचलं नसतं तर? तुम्ही म्हणायचा, “तुले का वाटते?” मी चिडायची, तुम्ही शेंगदाणे पुढे करायचा. दुसऱ्या महायुद्धात सरकारने घड्याळं तासभर पुढे केली तेव्हा तुम्ही “सूर्याले कळवलं का?” म्हणून सगळ्या शिक्षकांना हसवलंत. मी तेव्हाही मध्येच म्हटलं होतं, सूर्याला सगळं आधीच ठाऊक असतं, तुमच्यासारखं, आणि तो पण कुणाला सांगत नाही. सगळे हसले. तुम्हीही हसलात. किती टोमणे मारले मी तुम्हाला, आणि एकदाही तुम्ही तोंड उघडलं नाहीत!

मी शिक्षिका होऊन गोंदियाला परत आले तेव्हा मात्र तुम्ही उघड रागावलात. “परत कायले आली? पुढं जायचं होतं.” मी म्हटलं, रविवारी मुलींनाही बोलवायचं आहे, धुण्याची बादली न घेता. तुम्ही महिनाभर तोंड फिरवून होता, आणि मग एका रविवारी मुलींसाठी वेगळी चटई घेऊन आलात.

शेवटच्या आजारात मी खाटेपाशी बसले होते. गमतीनेच म्हटलं, आता तरी सांगून टाका मास्तर. तुमचा आवाज पार खोल गेला होता. “कायले घाई?” एवढंच म्हणालात. ते आपलं शेवटचं बोलणं.

तेरवीनंतर काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी मदतीला बसले. बोलता बोलता मी म्हटलं, काकू, त्यांना वळसे आधीपासून ठाऊक होते हे एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. काकूंचा हात सुपातच थांबला.

“कोणाले ठाऊक होतं? त्याईले? नाई गं बाई.”

मला वाटलं, काकूंची काहीतरी गफलत होते आहे.

“त्याईनं पण तोच गुणाकार केला होता. तीस हजार. दोन दिवस ताटावर लक्ष नाई. म्हणे, पोरीची सावली चुकली जबलपूरले. आता मंडईत हसतील, बाप शाळा बंद करंल, माह्यापायी पोरीचा जन्म जाईल. तुले अडवाले निघाले होते. वाटेत बंडीचा आस मोडला तं पायी धावत गेले. पोहोचले तं तू मांडवात उभी.”

 ती धूळ, ती हाताची घडी, ते गप्प उभं राहणं. तुम्ही परीक्षा घेत नव्हता, मास्तर. तुम्ही घाबरला होता.

“वापस आले तं चपला काढाच्या आधी मले म्हणतात, ‘माह्या ध्यानात नाई आलं, पोरीच्या आलं. माह्या पुढं गेली ते.’ नाचाचे बाकी होते. मी म्हटलं, मंग सांगा ना तिले. तं म्हणाले, ‘नाई. आता ते नागपूरले जाईल एकटी. पुढं कोणीच नाई हे कळलं तं भिऊन जाईल. वाटू दे तिले, मी पुढं हाओ.’”

काकू पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मी कितीतरी वेळ एकच खडा बोटांत धरून बसले होते.

एवढी वर्षं, मास्तर! मी तुम्हाला निर्दय म्हटलं, लबाड म्हटलं, आणि तुम्ही ते खाली मान घालून ऐकून घेतलंत, शेंगदाणे पुढे करत. ज्या माणसाने वर्गात सगळ्यांसमोर टोपी काढून ‘मला ठाऊक नाही’ म्हटलं, त्याला हे म्हणणं काय जड होतं? काही जड नव्हतं. तुम्ही ते माझ्यासाठी दाबून ठेवलंत. नागपूरच्या वसतिगृहात, त्या प्रयोगशाळेत, जिथे मुलींसाठी खुर्ची नव्हती, तिथे मी दर वेळी स्वतःला म्हणायची, मास्तर हे आधीच करून बसले असतील, चल. तुम्ही नव्हताच तिथे. ती वाट तुम्ही कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती. मला अजून हे पुरतं समजत नाही. पृथ्वी अर्ध्या वितीत मावते हे मला समजलं, पण तुमचं हे मन मला कशाने मापायचं ते कळत नाही.

काल रविवार होता. वर्ग होईल असं मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी मुलं-मुली पाळीवर आली होती. मी पळसाला टेकलेला तुमचा बांबू आणला आणि रोवला. एक मुलगी आहे, आमगावकडची, माझ्यासारखीच तोंडाळ. तिने सावलीकडे बघत विचारलं, “बाई, सूर्य तं इतका दूर. मंग तो किती दूर आहे हे पण या बांबूनं मोजता येते का?”

मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं, ठाऊक नाही म्हणायला, आणि मग मिटलं.

“तुले का वाटते?” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मुद्दाम सांगत नाही, असा राग तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मग ती वळली आणि बांबूपाशी जाऊन बसली. सावली आखडत चालली होती. सगळी मुलं पुढे सरकून तिच्या टोकाशी वाकली, आणि मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.